तोडलेल्या अवयवाचें आयुष्य

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळीं कॉलेजकडे जात असतां द्वारकेच्या चौकांत पोलिसांनीं आमची रिक्षा थांबविली. चारही बाजूंचीं वाहनें अडविलेलीं होतीं. कोणी मंत्री यावयाचे असावेत अशा समजुतीनें आम्ही व आमचा रिक्षावाला असे दोघेहि मनांतल्या मनांत चरफडत होतों. इतक्यांत पुढें पोलिसांची मोटार व मागें एक रुग्णवाहिका अशीं दोन वाहनें भरधाव समोरून गेलीं आणि पुण्याच्या रस्त्यास लागलीं. रिक्षावाल्यानें शेजारच्या पोलिसाकडे चौकशी केली व मान वळवून आम्हांस सांगितलें, "सर, आंत पेशंट नाही. किडनी चालली आहे पुण्याला." पेशंट नसलेल्या रुग्णवाहिकेसाठीं एवढा मोठा चौक पांच मिनिटें निमूटपणें उभा राहिला, ही गोष्ट आमच्या मनांतून दिवसभर गेली नाहीं.

त्याला आणखी एक कारण होतें. आमचे एक जुने स्नेही, आमच्याच पिढीचे अध्यापक, गेलीं तीन वर्षें आठवड्यांतून तीन वेळां यंत्रावर रक्त शुद्ध करून घेत आहेत. त्यांचें नांव मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादींत आहे. संध्याकाळीं त्यांच्याकडे बसावयास गेलों असतां आम्हीं सकाळची हकीगत सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही इतिहासवाले. राज्यें किती वर्षें टिकलीं तें सांगतां. तो डबा किती तास टिकतो तें सांगा पाहूं." आम्हांस तें सांगतां आलें नाहीं. पुढले कांहीं महिने आम्हीं या एका प्रश्नाच्या मागें घालविले, व त्यांतून जें हातीं आलें तें येथें वाचकांपुढें ठेवितों. आम्ही वैद्य नव्हे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. परंतु हा इतिहास केवळ वैद्यांच्या स्वाधीन करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. कारण त्यांत शस्त्राइतकाच बर्फाचा, कायद्याचा आणि पैशाचा भाग आहे.

नाशिकच्या माणसानें हा विषय नाकापासून सुरू केला तर वाचक हंसतील. पण आमचा नाइलाज आहे. आमच्या गांवाचें नांवच मुळीं एका कापलेल्या अवयवावरून पडलें अशी लोकसमजूत आहे. पंचवटींत लक्ष्मणानें शूर्पणखेची नासिका छेदिली म्हणून हें नाशिक. (नऊ टेकड्यांवरूनहि हें नांव काढणारे आहेत, तो वाद येथें नको.) शूर्पणखेच्या नाकाचें पुढें काय झालें हें कोणी सांगत नाहीं. परंतु कापलेलें नाक पुन्हां करून देण्याची विद्या या देशांत दंतकथा नव्हती. सुश्रुतसंहितेंत ती वर्णिलेली आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती पुण्याच्या आसपास प्रत्यक्ष चालू होती याला डोळ्यांनीं पाहणारांची साक्ष आहे.

१७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत एक पत्र प्रसिद्ध झालें. त्यांत कावसजी नांवाच्या एका गाडीवानाची हकीगत आहे. नांव पारशी वाटतें, पण पत्रलेखक त्यास मराठा कुणबी म्हणतो. १७९२ च्या युद्धांत तो इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हांकीत होता. टिपूच्या हातीं सांपडला, तेव्हां त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याच्या जातीच्या माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. मुंबईच्या वैद्यकीय खात्यांतील क्रूसो व फिंडले या दोघां डॉक्टरांनीं ही क्रिया पाहिली होती. मेणाचा पातळ पत्रा करून तो नाकाच्या आकाराचा बेतावयाचा, तो उलगडून कपाळावर ठेवून त्याभोंवतीं रेघ ओढावयाची, तेवढें कातडें सोडवून खालीं वळवावयाचें व नाकाच्या जागीं बसवावयाचें. टाक्यांच्या ऐवजीं काताच्या लेपानें तें चिकटविलें होतें. मात्र दोन भुंवयांच्या मध्यें कातड्याची एक पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची, आणि ती सुमारें पंचविसाव्या दिवशीं कापावयाची.

सगळें मर्म या पट्टींत आहे. फळ जसें देठाला लटकून असतें तसें तें कातडें पंचवीस दिवस कपाळाच्या रक्तावर जगतें; नव्या जागीं त्यास रक्त मिळूं लागलें कीं मग देठ तोडावयाचा. त्या वीटकऱ्यास रक्ताभिसरणाचें शास्त्र शिकविणारा कोणी भेटला नसेल. परंतु शरीराचा भाग रक्तापासून एक घटकाभरहि सुटा करूं नये हें तो पक्कें जाणत होता. हें पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं तोच प्रयोग केला व १८१६ त त्यावर पुस्तक लिहिलें. युरोपांत ही रीत 'हिंदी पद्धति' म्हणून प्रसिद्ध झाली. आमच्याकडील लोक या गोष्टीचा अभिमान बाळगतात तो ठीकच आहे. परंतु तो बाळगतांना एक गोष्ट ध्यानांत घेत नाहींत. या विद्येनें अवयव टिकविण्याचा प्रश्न सोडविला नाहीं. तो प्रश्न उत्पन्नच होऊं दिला नाहीं.

मूत्रपिंडाच्या बाबतींत हा मार्ग बंद आहे. एका देहांतून दुसऱ्या देहांत जावयाचें म्हणजे देठ तोडावाच लागतो. शिवाय हा अवयव मोठा रक्तभोजी. दोन्ही मूत्रपिंडांतून दर मिनिटास सुमारें एक लिटर रक्त जातें. तें बंद झालें व देह ऊबदार राहिला, तर अर्ध्या तासानंतर त्याची नासाडी वेगानें होऊं लागते. तेव्हां दोन विद्या साध्य व्हावयास हव्या होत्या. पहिली, तुटलेल्या रक्तवाहिन्या पुन्हां शिवण्याची. दुसरी, तोडणें व शिवणें यांच्या मधला वेळ काढण्याची.

पहिली विद्या लीयाँच्या अलेक्सिस कॅरेलनें सिद्ध केली. १८९४ त त्याच्या गांवीं फ्रान्सचा अध्यक्ष कार्नो याचा खून झाला. पोटांतली एक मोठी शीर तुटली होती व ती शिवण्याचें कसब कोणा डॉक्टरास नव्हतें, ही गोष्ट तरुण कॅरेलच्या मनास लागली. बारीक सुयांनीं रेशमी भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे तो टांके घालण्यास शिकला असें सांगतात. १९०२ त त्यानें आपली रीत प्रसिद्ध केली. पुढें अमेरिकेस जाऊन १९१२ त नोबेल पारितोषिक मिळविलें. दुसऱ्या विद्येची कल्पना मात्र त्याहूनहि जुनी आहे. ल गालवा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें १८१२ तच लिहून ठेविलें होतें कीं, हृदयाच्या ऐवजीं दुसऱ्या कांहीं साधनानें रक्त पुरवितां आलें तर शरीराचा कोणताहि भाग जिवंत ठेवतां येईल. या कल्पनेला यंत्राचें रूप देण्यासाठीं कॅरेलला साथीदार मिळाला तो कोण, तर एकट्यानें विमानांतून अटलांटिक महासागर ओलांडणारा चार्लस् लिंडबर्ग! त्याच्या मेहुणीस हृदयविकार होता; त्यावरून तो या नादास लागला. १९३५ त या दोघांनीं कांचेच्या पंपांत मांजराची कंठग्रंथि अठरा दिवस जिवंत ठेवली. वर्तमानपत्रांनीं अमरत्वाच्या गोष्टी सुरू केल्या. प्रत्यक्ष रुग्णाच्या उपयोगीं मात्र त्या पंपांतून कांहीं आलें नाहीं.

त्याच्या दोनच वर्षें अगोदर, १९३३ सालीं, युक्रेनमधील खेर्सोन येथें वोरोनोय या शस्त्रवैद्यानें माणसाचें मूत्रपिंड माणसांत बसविण्याचा पहिला प्रयोग केला होता. विष घेतलेली सव्वीस वर्षांची बाई. मूत्रपिंड डोक्यास मार लागून मेलेल्या साठ वर्षांच्या पुरुषाचें, तेंहि मृत्यूनंतर सहा तासांनीं काढलेलें. रक्तगटहि जुळत नव्हते. बाई दोन दिवसांनीं वारली. आज आपण हीं कारणें सहज मांडतों. त्या वेळीं तीं मांडण्यासाठीं लागणारें पुरतें ज्ञान कोणापाशीं नव्हतें. पुढें २३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टन येथें जोसेफ मरे यानें जें पहिलें खरें यश मिळविलें, त्यांत हे दोन्ही प्रश्न टाळले होते. दाता व रोगी जुळे भाऊ, म्हणून शरीर परकें मानीत नाहीं. आणि दोघेहि शेजारच्या खोल्यांत, म्हणून वेळ थोडा. मूत्रपिंड रक्तावांचून राहिलें तें एक तास बावीस मिनिटें. रोगी आठ वर्षें जगला.

पण जुळा भाऊ किती जणांना असतो? मृताचें मूत्रपिंड घ्यावयाचें तर वेळ हवा, आणि वेळ मिळविण्याचें सर्वांत जुनें साधन म्हणजे थंडी.

येथें एक आडवळण घेण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. याच बोस्टन बंदरांतून १८३३ सालच्या मे महिन्यांत 'टस्कनी' नांवाचें जहाज १८० टन बर्फ भुसांत बांधून निघालें व विषुववृत्त दोनदां ओलांडून सप्टेंबरांत कलकत्त्यास पोंचलें. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा हा उद्योग. वाटेंत बराच बर्फ वितळला, तरी सुमारें शंभर टन शिल्लक होता. पुढें मुंबई व मद्रास येथेंहि हा बर्फ येऊं लागला, त्यासाठीं बर्फघरें बांधलीं गेलीं. मद्रासचें अजून समुद्रकांठीं उभें आहे, विवेकानंदांच्या नांवानें. साहेबलोकांची मदिरा थंड करण्यापलीकडे या बर्फाचा उपयोग त्या काळीं फारसा कोणास सुचला नाहीं.

थंडीनें जीव वांचतो तो कसा? जिवंत पेशी म्हणजे एक गळकी होडी समजावी. बाहेरचें सोडियम सारखें आंत शिरत असतें, आंतलें पोटॅशियम बाहेर पडत असतें. आणि पेशी इंधन जाळून अहोरात्र पाणी उपसावें तसें हें सरळ करीत असते. रक्त थांबलें कीं इंधन संपतें. उष्णमान दहा अंशांनीं उतरलें म्हणजे शरीरांतील रासायनिक व्यापार निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं येतात; ३७ अंशांवरून ४ अंशांवर उतरले कीं ते दहाव्या हिश्शाच्या आसपास राहतात. म्हणजे शिल्लक तीच, खर्च दहावा. परंतु थंडीनें उपसणारा हातहि गारठतो. पाणी आंत शिरतें, पेशी फुगते. आणि शून्याच्या खालीं जावें तर आंत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. ही अडचण ज्यानें ओळखली त्यानें अर्धें काम केलें असें आम्हांस वाटतें.

१९६३ त लंडनला रॉय काल्न व त्याचे सहकारी यांनीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बर्फानें थंड करून बारा तासांपर्यंत टिकविलीं. येथून पुढें दोन पंथ झाले, आणि नाशिक जिल्ह्यांतील वाचकास ते समजावून सांगणें सोपें आहे. आमचा निफाड-दिंडोरीकडील बागाइतदार द्राक्ष तोडल्याबरोबर तें थंड करतो व शीतगृहांत ठेवतो. थोडा उशीर झाला तर विलायतेस पोंचेपर्यंत मालाची काय गत होते तें तो जाणतो. तोच शेतकरी कांदा मात्र चाळींत ठेवतो. कांद्यास थंडी नको, त्याच्या अंगाखालून वारा खेळता पाहिजे. मूत्रपिंडाच्या बाबतींत फोकर्ट बेल्झर हा कांदाचाळीच्या पंथाचा. सॅन फ्रान्सिस्को येथें १९६७ त त्यानें यंत्राच्या साह्यानें थंड रक्तरस मूत्रपिंडांतून सारखा खेळवीत ठेवून कुत्र्याचें मूत्रपिंड ७२ तास टिकविलें, व दुसऱ्याच वर्षीं १७ तास टिकविलेलें माणसाचें मूत्रपिंड रोग्यास बसविलें. द्राक्षाच्या पंथाचा जेफ्री कॉलिन्स. लॉस एंजलिस येथें पॉल तेरासाकी हा ऊतींची जुळणी करण्याचें शास्त्र उभारीत होता. (दुसऱ्या महायुद्धांत जपानी वंशाचा म्हणून ज्यास लहानपणीं छावणींत डांबलें गेलें होतें, तोच हा.) जुळणारा रोगी दूरच्या शहरांत सांपडे, तेथवर मूत्रपिंड धाडावयाचें कसें? १९६९ त कॉलिन्स, तेरासाकी व त्यांची एक सहकारी यांनीं त्याचें उत्तर दिलें. पेशीच्या आंत जसें असतें तसेंच पोटॅशियम भरपूर व सोडियम थोडें असलेलें, साखरेनें पाणी बाहेर रोखून धरणारें द्रावण करावें. तें थंड करून एकदांच मूत्रपिंडांतून सोडून रक्त धुवून काढावें. आणि मग तें नुसतें बर्फांत ठेवावें. बाहेर व आंत सारखेंच असल्यावर गळती कसली? तीस तास मूत्रपिंड टिकलें.

यंत्र मागें पडलें व डबा जिंकला. यंत्रास माणूस लागे, वीज लागे, पैसा लागे. डब्यास बर्फ पुरे. मौज अशी कीं, डब्याची विद्या पूर्णत्वास नेली ती बेल्झरनेंच. विस्कॉन्सिन विद्यापीठांत साउदार्ड या सहकाऱ्याबरोबर वर्षानुवर्षें खपून त्यानें १९८७ च्या सुमारास एक नवें द्रावण सिद्ध केलें. त्यांतील लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज यांच्या मोठ्या रेणूंस पेशीच्या भिंतींतून आंत जातां येत नाहीं, म्हणून पेशी फुगत नाहीं. यकृतास त्या अगोदर सहा-आठ तासांची मुदत होती, ती यानें कितीतरी वाढली. हें द्रावण जगभर वापरांत आलें. पुढें २००९ त दोन्ही पंथांची समोरासमोर परीक्षा झाली. हॉलंड, बेल्जम व जर्मनी येथील ३३६ मृत दात्यांचें एक मूत्रपिंड बर्फांत व दुसरें यंत्रांत, अशी वांटणी केली. बसविल्यावर पहिल्या आठवड्यांत ज्यांना पुन्हां डायलिसिस लागला असे रोगी बर्फाच्या बाजूस शेंकडा २६.५ व यंत्राच्या बाजूस २०.८ निघाले. चाळवाल्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९६५ च्या मे महिन्यांत हिंदुस्थानांतील पहिलें मूत्रपिंडरोपण झालें, आणि तें मृताच्या मूत्रपिंडाचें होतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. रोगी फार दिवस वांचला नाहीं. त्याच रुग्णालयांत १९६८ च्या फेब्रुवारींत डॉ. पी. के. सेन यांनीं हृदयहि बसवून पाहिलें; तोहि रोगी कांहीं तासांतच गेला. यानंतर १९७१ त वेल्लोर येथें जिवंत दात्याचें मूत्रपिंड बसविण्यांत यश आलें आणि देशाची गाडी त्या रुळावर पडली ती पडलीच. कारण उघड होतें. आमचा कायदा हृदय थांबल्यावांचून माणसास मृत म्हणत नसे, आणि हृदय थांबेपर्यंत वाट पाहावी तर मूत्रपिंड ऊबेंत नासूं लागे. मेंदूचा मृत्यु हाच मृत्यु, असें हार्वर्डच्या समितीनें १९६८ तच म्हटलें होतें. आम्हांस तें मान्य करावयास सव्वीस वर्षें लागलीं. मधल्या काळांत सायक्लोस्पोरिन हें औषध आलें व परक्याचें मूत्रपिंडहि अंगीं लागूं लागलें. मग काय व्हावयाचें तें झालें. मुंबईंत, मद्रासेंत मूत्रपिंडांचा बाजार भरला. आखाती देशांतून गिऱ्हाइकें येऊं लागलीं. कर्जांत बुडालेलीं माणसें कुशींत व्रण घेऊन घरीं परतलीं व पुन्हां कर्जांत बुडालीं. या पापाचा दोष दलालांस व डॉक्टरांस देण्याची रीत आहे, आणि तो त्यांचा आहेच. तथापि ज्या देशानें मृताच्या मूत्रपिंडास वेळ दिला नाहीं, त्या देशांत जिवंताच्या मूत्रपिंडास किंमत येणार होतीच, असें आमचें मत आहे. बर्फ होता, द्रावण होतें. डबा मात्र रिकामा होता.

१९९४ चा कायदा महाराष्ट्र, गोवें व हिमाचल प्रदेश यांच्या मागणीवरून संसदेनें केला व तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून या राज्यांत अमलांत आला. विक्रयास बंदी झाली, मेंदूच्या मृत्यूस मान्यता मिळाली. चार डॉक्टरांचें मंडळ, निदान सहा तासांच्या अंतरानें दोनदां परीक्षा, मग नातलगांची संमति. त्यानंतरच शस्त्रक्रिया होते. हृदय चालू असतांनाच महारोहिणींतून थंड द्रावण सोडण्याची तयारी करतात, पोटांत बर्फाचा चुरा भरतात, रक्त धुतलेलें फिकट मूत्रपिंड एकांत एक अशा तीन पिशव्यांत घालतात व ती पिशवी बर्फाच्या डब्यांत ठेवितात. आम्हीं पाहिलेली गाडी अशा डब्यासाठीं होती. नाशिक पुण्याच्या केंद्राच्या कक्षेंत येतें.

स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर आतां आम्हांस देतां येत होतें. हृदयास चार-सहा तास, यकृतास बारा तासांच्या आसपास, मूत्रपिंडास चोवीस; फार तर छत्तीस. नाशिक-पुणें हा दोनशें दहा किलोमीटरांचा रस्ता मोकळा नसला तरी पांच-सहा तासांचा. मग मूत्रपिंडासाठीं चौक कां अडवावा? तर मुदतीच्या आंतहि प्रत्येक तास आपलें कांहींतरी घेऊन जातो. उशिरा पोंचलेलें मूत्रपिंड दिवसचे दिवस मुकें बसतें. शिवाय डब्याच्या आधीं गेलेले तास कोणी मोजत नाहीं. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बांकावर बसलेल्या बापास पहिल्यांदा हा प्रश्न कोणी व कोणत्या शब्दांत विचारावा, यावर किती वेळ जातो! ज्या गांवीं १९९८ पासून सबंध महाराष्ट्राचें आरोग्यविज्ञान विद्यापीठ आहे, त्या गांवांतील आम्हां शिकलेल्या लोकांनीं तरी आपलें मत घरांत आधींच सांगून ठेवावयास काय हरकत आहे? आम्हींहि तें या गेल्या दिवाळीपर्यंत सांगितलें नव्हतें.

शास्त्र पुढें चाललेंच आहे. इंग्लंडांत निकोल्सन व हॉसगुड यांनीं मूत्रपिंड बसविण्यापूर्वीं तासभर ऊबदार रक्तावर चालवून पाहण्याची रीत काढली. २०२३ त त्याच्या मोठ्या परीक्षेंत विशेष लाभ दिसला नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत उंदरांचीं मूत्रपिंडें स्फटिक न होऊं देतां कांचेसारखीं गोठवून शंभर दिवसांपर्यंत ठेवलीं, लोहाच्या सूक्ष्म कणांच्या साह्यानें सगळीकडून एकदम ऊब देऊन जागीं केलीं, व तीं उंदरांत पुन्हां काम करूं लागलीं. माणसाचें मूत्रपिंड उंदराच्याहून फार मोठें. तें एकसारखें गोठविणें व एकसारखें तापविणें हीच मोठी अडचण आहे.

हें सर्व आम्हीं स्नेह्यांस वाचून दाखविलें. कावसजीची गोष्ट त्यांना फार आवडली. त्यांना आजवर दोनदां पुण्याहून बोलावणें आलें होतें. दोन्ही वेळां ते राखीव म्हणून गेले होते. पहिला रोगी लायक ठरला नाहीं तरच यांचा क्रम. रात्रीं अकराला निघावयाचें, उपाशीं पोटीं सिन्नर-संगमनेर ओलांडावयाचें, रक्त काढून द्यावयाचें आणि पहांटे परत फिरावयाचें. दुसऱ्या खेपेस परततांना नारायणगांवला चहा घेतला, असें वहिनींनीं सांगितलें. त्यांची बॅग अजून दाराशींच भरलेली असते. आम्ही गेलों त्या दिवशीं वहिनी तींतले उन्हाळ्याचे कपडे काढून स्वेटर ठेवीत होत्या.